गिरणीपासून चुलीपर्यंत : एका कामकरी स्त्रीचा आयुष्यक्रम

मुंबईच्या कापड-गिरण्यांचा इतिहास बहुधा मालक, पुढारी व संप यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. तोच काळ एका सामान्य स्त्रीच्या आयुष्यक्रमाने मोजला असता त्याची निराळी बाजू दृष्टोत्पत्तीस येते. १९०५ च्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यात जन्मून पतीपाठोपाठ परळ-लालबागेत आलेली कामकरीण हे त्याचे प्रातिनिधिक उदाहरण मानता येईल.

१९२० नंतरच्या दशकात गिरणी-कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक-पंचमांश होते. त्या मुख्यत्वे सूत उकलण्याच्या व गुंडाळण्याच्या खात्यांत काम करीत. त्यांची नेमणूक व बडतर्फी बव्हंशी नायकिणीच्या मर्जीवर अवलंबून असे. १९११ च्या कारखाना-कायद्याने त्यांना रात्रीचे काम निषिद्ध होते. पुढे प्रसूतिसाहाय्याचा प्रश्न निघाला. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदे-कौन्सिलात त्या विधेयकास पाठिंबा देताना, मातेस विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे असून त्याचा भार बहुतांशी सरकारने वाहावा, असे प्रतिपादन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केले. १९२९ च्या कायद्याने मात्र हा भार मालकावरच टाकला. हक्क मिळाला; परंतु हक्क असलेली कामकरीण मालकाच्या हिशेबात महाग ठरली.

याच सुमारास चीनशी चालणारा सुताचा व्यापार खालावल्याने लडी उकलण्याचे काम घटले होते. वेगवान यंत्रे व सुयोजनीकरण यांमुळे उरलेल्या कामासही थोडे हात पुरू लागले. १९२८ चा सहा महिन्यांचा संप या सुयोजनीकरणाविरुद्धही होता. पुढे पाळ्या वाढल्या, त्यांत रात्रपाळी स्त्रियांना बंद. १९४८ च्या कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यास पाळणाघर सक्तीचे केले. केवळ कायद्यानेच स्त्रिया गिरणीबाहेर गेल्या, असे म्हणणे एकांगी होईल. तथापि यंत्र, व्यापार व कायदा या तिहींचा परिणाम एकाच दिशेने झाला, हे नाकारता येत नाही.

गिरणीतून सुटलेली ही स्त्री श्रमातून मात्र सुटली नाही. कोकणात व घाटावर कुटुंब ठेवून आलेल्या पुरुषांसाठी तिने चाळीतील खोलीतच खाणावळ चालविली. जेवणाचे पैसे पगारानंतर मिळत. धान्य मात्र आधी, उधारीने अथवा सावकारी व्याजाने आणावे लागे. संपकाळात पगार थांबला तरी चूल पेटतीच राही. कामगारांची चिकाटी काही अंशी या उधारीवर उभी होती. अशा स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा १९०५ ची ती स्त्री सत्तरीस पोहोचली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या व खाणावळी दोन्ही ओसरल्या.

गिरणीच्या हजेरीपटात तिच्या आयुष्याची काही वर्षेच नोंदली गेली. उरलेली कित्येक वर्षे तिने त्याच उद्योगाचे मनुष्यबळ पोसले. परंतु त्या श्रमाची नोंद कोणत्याही गिरणीच्या दप्तरात झाली नाही. स्त्री-कामगारांची घटती संख्या ही स्त्रियांच्या श्रमाची घट नव्हे, हे ध्यानी घेतल्यावाचून या नगरीचा औद्योगिक इतिहास पुरा होणार नाही.