खाजगी वनभूमी व वन्यजीवसंरक्षण

नासिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरनजीकच्या अंजनेरी डोंगराच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. माथ्यावरील खडकाळ, गवताळ पठारावर ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही कंदीलपुष्पाची दुर्मिळ जाती आढळते. तिचे शास्त्रीय वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. हा प्रदेश २०१७ साली संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. असे क्षेत्र केवळ शासकीय भूमीवरच घोषित करता येते. कड्यावर वाढणारे गिधाड मात्र दूरवरच्या शेताशिवारांत टाकलेल्या मृत गुरांवर जगते, आणि तेथे राखीव क्षेत्राची सीमा त्याच्या उपयोगी पडत नाही. जमीनधारकांच्या सहकार्याचा प्रश्न उद्‌भवतो तो येथे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार प्रथम मालकीच्या अंगाने झाला. खाजगी वने (संपादन) अधिनियमान्वये ३० ऑगस्ट १९७५ रोजी राज्यातील खाजगी वने शासनाकडे निहित झाली. १९७८ च्या दुरुस्तीने लहान धारकांना ती परत मिळण्याची तरतूद झाली. तथापि जुन्या नोटिशींवरून निर्माण झालेले वाद दीर्घकाळ चालले. केवळ नोटीस काढली गेली म्हणून जमीन वन ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. ज्या झाडांमुळे जमीन हातची जाण्याचा संभव, ती राखण्याची उमेद मालकास राहणे कठीणच होते.

वन्यजीव संरक्षण अधिनियमात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ ही निराळी वाट उपलब्ध झाली. व्यक्ती वा समाज स्वेच्छेने पुढे आल्यास खाजगी भूमीही त्याखाली येऊ शकते व मालकी कायम राहते. मात्र अशा भूमीच्या व्यवस्थापन समितीत खुद्द मालकाला निश्चित स्थान मिळण्यास २०२२ ची दुरुस्ती व्हावी लागली.

रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर परिसरात कायद्यावाचूनही कार्य झाले आहे. पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने तेथील मालकांशी वृक्षतोड न करण्याचे करार केले व त्यांना मोबदला दिला. बेहड्याच्या फळांना ‘फेअरवाइल्ड’ प्रमाणपत्राद्वारे औषधी उद्योगात गिऱ्हाईक मिळाल्याने उभ्या झाडापासून उत्पन्न येऊ लागले. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबविते. अशी ढोली होण्याइतके झाड जुने होण्यास अनेक दशके लागतात; करार मात्र ठराविक मुदतीचे असतात.