मॉर्फिनचा रेणू आणि लहान अणुगटांचा प्रभाव : एक ऐतिहासिक मागोवा

रेणूचा मूळ सांगाडा कायम राहून त्याच्या कडेचा एखादा लहान अणुगट बदलला, तर द्रव्याच्या गुणधर्मांत किती अंतर पडते, याची उदाहरणे रसायनशास्त्राच्या इतिहासात विपुल आहेत. मॉर्फिनच्या बाबतीत मात्र या प्रश्नाशी असंख्य माणसांचे जीवित निगडित राहिले. त्यामुळे त्याचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक ठरते.

जर्मनीतील पाडरबॉर्न येथे औषधविक्रेत्याकडे सहायक असलेल्या फ्रीड्रिख सेर्ट्यूर्नर याने १८०४-०५ च्या सुमारास अफूतून मॉर्फिन वेगळे केले. पुढे १८३२ मध्ये फ्रेंच रसायनज्ञ रोबिके याला अफूतच कोडीन सापडले. मॉर्फिनच्या एका हायड्रॉक्सिल गटातील हायड्रोजनच्या जागी मिथिल गट आला की कोडीन होते. रेणुभार २८५ वरून केवळ २९९ वर जातो. वेदनाशामक शक्ती मात्र सुमारे एक-दशांश उरते. ही शक्तीही मुख्यत्वे यकृत तो मिथिल गट काढून मॉर्फिन तयार करते म्हणूनच लाभते. ज्यांच्या शरीरात त्यासाठी लागणारे विकर कार्यक्षम नसते, त्यांना कोडीनचा फारसा उपयोग होत नाही.

ॲसिटिल गटाची कथा अधिक दारुण आहे. लंडनमध्ये ऑल्डर राइट याने १८७४ मध्ये मॉर्फिनच्या दोन्ही हायड्रॉक्सिल गटांवर ॲसिटिल गट बसवले. त्या द्रव्याकडे त्या वेळी कोणी विशेष लक्ष दिले नाही. १८९७ च्या ऑगस्टमध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन याने तेच पुन्हा तयार केले. त्याच महिन्यात त्याने सॅलिसिलिक आम्लावरही ॲसिटिल गट चढवला होता. एकाच गटाने एकीकडे ॲस्पिरिन दिले, तर दुसरीकडे हेरॉइन! १८९८ पासून हेरॉइन खोकल्यावरील औषध म्हणून विकले गेले आणि त्याचे व्यसन लागत नाही, असाही समज होता. वस्तुतः ॲसिटिल गटांमुळे रेणूची पाण्याविषयीची ओढ घटते, तो मेदात सहज विरघळतो आणि मॉर्फिनपेक्षा त्वरेने मेंदूत शिरतो. तेथे ते गट गळून पडतात व अखेर मॉर्फिनच उरते. बायरने १९१३ मध्ये उत्पादन थांबवले. अमेरिकेने १९२४ मध्ये त्याच्या निर्मितीवर बंदी घातली. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे, की मॉर्फिनची योग्य संरचना गलँड व रॉबिन्सन यांनी १९२५ मध्ये मांडली. म्हणजे गट चढवणाऱ्यांना सांगाड्याचा नकाशाच ठाऊक नव्हता.

खरा कलाटणी देणारा बदल नायट्रोजनवर घडला. तेथील मिथिलच्या जागी तीन कार्बनांचा ॲलिल गट असलेले कोडीनचे एक रूप मॉर्फिनमुळे मंदावलेला श्वास पूर्ववत करते, असे युलियस पोल याने १९१५ मध्ये प्राण्यांवर दाखवले. या निरीक्षणाची पंचवीसएक वर्षे उपेक्षा झाली, हे या इतिहासातील सर्वांत खेदजनक प्रकरण म्हणावे लागेल. १९४० च्या दशकात याच धर्तीवर नॅलॉर्फिन आले. परंतु ते स्वतःही काही अंशी मॉर्फिनप्रमाणे वागत असे व रुग्णांत अस्वस्थता निर्माण करी. १९६१ मध्ये फिशमन व लेवेनस्टाइन यांच्या नॅलॉक्सोनने हा दोष दूर केला. त्याच्या रेणूत ॲलिल गट आहे, शिवाय सांगाड्यावर एक जादा हायड्रॉक्सिल गटही आहे. ते मॉर्फिनच्याच ग्राहींवर जाऊन बसते, पण त्यांना कार्यान्वित करीत नाही. आधीच्या रेणूला तेथून हुसकावते, आणि थांबत आलेला श्वास काही मिनिटांत सुरू होतो. अमेरिकेत १९७१ मध्ये त्यास मान्यता मिळाली. २०२३ मध्ये त्याचा नाकात मारावयाचा फवारा तेथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास परवानगी देण्यात आली.