निखारा आणि भुशाची कांडी

मोगल काळात गुलशनाबाद म्हणवणाऱ्या नाशकात मांसाला धूर देतात तो टिकवण्यासाठी नव्हे. टिकवायचे गोश्त मीठ-हळद लावून उन्हातच वाळते, धूर चवीपुरता. त्यातही एक गैरसमज आहे. लालभडक पेटलेल्या कोळशाला स्वतःचा धूर फारसा नसतोच. कबाबाची नोंद ‘आईन-ए-अकबरी’तही सापडते, पण सीखेचा तो खरपूस वास कोळशाचा नसून निखाऱ्यावर ठिबकणाऱ्या चरबीचा.

अमेरिकेत १९८०च्या दशकात जो ट्रेगर यांनी पेलेटची शेगडी आणली. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या. कोळसा न झालेले लाकूडच ते, म्हणून धूर अस्सल लाकडाचा. मंद आचेवर तासन् तास मांस शिजवायला ती उत्तम. मात्र तिला वीज लागते. (भारनियमनाच्या दिवसांत आपली ईद उपाशीच गेली असती!) सीखेला प्रखर, झटपट आच हवी. तिथे कोळसाच सरस.

पण ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितले. उद्या तसाच हुकूम नाशकात आला, तर जुन्या नाशकातल्या सीखवाल्याला गॅसकडे वळावे लागेल. घरच्या धुंगाराला मात्र एकच निखारा पुरतो: वाटीत ठेवायचा, वर चमचाभर तूप सोडायचे आणि पातेल्यावर झाकण घालायचे.