एका भूतकथेचे दोन ताळेबंद

२० ऑगस्ट २००४ रोजी अमेरिकेतील सुमारे २,८०० चित्रगृहांत ‘एक्झॉर्सिस्ट : द बिगिनिंग’ हा चित्रपट एकदमच झळकला आणि पहिल्या तीन दिवसांत सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरांचा गल्ला जमवून त्या आठवड्यापुरता तिकीटबारीवर पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. तरीही चित्रपटधंद्याच्या इतिहासात त्याची गणना आतबट्ट्याच्या व्यवहारांतच होते. पहिला क्रमांक आणि बुडीत खाते या दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच कृतीच्या वाट्याला कशा आल्या, हे पाहायचे तर प्रथम तीस वर्षे मागे जाणे प्राप्त आहे.

विल्यम पीटर ब्लॅटी यांच्या १९७१ सालच्या कादंबरीवरून विल्यम फ्रीडकिन यांनी दिग्दर्शित केलेला मूळ ‘एक्झॉर्सिस्ट’ २६ डिसेंबर १९७३ रोजी, म्हणजे नाताळाच्या दुसऱ्याच दिवशी, अवघ्या दोन डझनांच्या आसपास चित्रगृहांत लागला. त्या काळचा रिवाजच असा होता की, चित्रपट आधी मोजक्या महानगरांत स्थिरावावा, त्याची कीर्ती कर्णोपकर्णी पसरावी, आणि मग यथावकाश तो उपनगरांत आणि लहान गावांत उतरावा. हिवाळ्याच्या कडाक्यात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लोक तासन्‌तास रांगा लावून उभे राहिले, आत गेल्यावर काहींना भोवळ आली, काही अर्ध्यावर उठून पळाले. आणि या वार्ता वर्तमानपत्रांतून छापून आल्या तेव्हा त्यांनीच अशी जाहिरात केली की, पैसे मोजूनही तिच्या तोडीची विकत मिळाली नसती. सव्वा कोटी डॉलरांच्या आत तयार झालेल्या या चित्रपटाने अमेरिकेत पहिल्याच फेरीत १९ कोटींहून अधिक डॉलर मिळवले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला हा पहिला भयपट, हा मान निराळाच.

या यशानंतर दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, ‘जॉज’ने तो जुना रिवाज मोडीत काढला. दूरचित्रवाणीवर जाहिरातींचा मारा करायचा आणि एकाच दिवशी शेकडो पडदे काबीज करायचे, ही रीत तेव्हापासून रूढ होत गेली, आणि महिनोन्‌महिने चालणारी वसुली क्रमाने तीन दिवसांत गोळा होऊ लागली. या बदलाचा एक परिणाम पुरेसा लक्षात घेतला जात नाही. कीर्ती पसरण्याआधीच तिकिटे विकायची, तर प्रेक्षकाच्या मनात आधीपासून पत असलेले नाव हाताशी हवे. आणि असे नाव मिळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गाजलेल्या चित्रपटाची उत्तरकथा काढणे, आणि उत्तरकथेत राम उरला नाही की पूर्वकथेकडे वळणे. ‘एक्झॉर्सिस्ट’च्या बाबतीत १९७७ आणि १९९० च्या दोन उत्तरकथांनी मूळ यशाची सर गाठली नाही. उलट, २००० साली मूळ चित्रपट काही वाढीव दृश्यांसह पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने अमेरिकेत आणखी सुमारे ४ कोटी डॉलर मिळवले. नावाची पत शाबूत होती.

पूर्वकथेचे बीजही मूळ चित्रपटातच होते. फादर मेरिन या वृद्ध धर्मगुरूने पूर्वी आफ्रिकेत एक भूतबाधा उतरवली होती आणि तीत त्याचा प्राण जाता जाता वाचला होता, असा उल्लेख त्यात येतो. मॉर्गन क्रीक या निर्मितिसंस्थेने हा धागा उचलला. दिग्दर्शनासाठी नेमलेले जॉन फ्रँकेनहायमर प्रकृतीच्या कारणास्तव बाजूला झाले आणि जुलै २००२ मध्ये निवर्तले. त्यांच्या जागी पॉल श्रेडर आले. ‘टॅक्सी ड्रायव्हर’चे पटकथाकार असलेले श्रेडर कडव्या कॅल्व्हिनपंथी घरात वाढले होते, आणि वयाची सतरा वर्षे होईपर्यंत त्यांनी चित्रपट पाहिलेला नव्हता. पाप, प्रायश्चित्त आणि श्रद्धाभंग हा ज्यांच्या लेखणीचा स्थायीभाव, त्यांना भुताची गोष्ट सांगायला बसवल्यावर गोष्टीतले भूत दुय्यम होणार, हे करारावर सही करतानाच कळायला हवे होते. नाझी अधिकाऱ्याने आपल्याच हातून मरणाऱ्यांची निवड करवून घेतल्यामुळे धर्मापासून दुरावलेला, आणि १९४७ च्या पूर्व आफ्रिकेत वाळूखाली गाडलेले चर्च उकरणारा मेरिन श्रेडर यांनी संथपणे, गंभीरपणे रंगवला. सुमारे ३ कोटी डॉलर खर्चून चित्रण पुरे झाले, आणि ते पाहून निर्माते हादरले. यात भय नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

पुढे जे घडले त्याला हॉलिवूडमध्येही फारसा दाखला नाही. काही दृश्ये नव्याने घेऊन भागवण्याऐवजी रेनी हार्लिन या दुसऱ्या दिग्दर्शकास पाचारण करून, तोच नायक स्टेलान स्कार्सगार्ड, तोच छायालेखक व्हित्तोरियो स्तोरारो, परंतु पुष्कळशी निराळी पात्रे आणि बदललेली पटकथा घेऊन जवळजवळ सबंध चित्रपट पुन्हा चित्रित करण्यात आला, आणि त्यावर आणखी सुमारे ५ कोटी डॉलर खर्ची पडले. पहिले चित्रण दप्तरात गेले.

आता जमाखर्च पाहू. हार्लिन यांच्या चित्रपटाची जगभरची वसुली सुमारे ७ कोटी ८० लाख डॉलर भरली. त्यातील अमेरिकेतील ४ कोटी १८ लाखांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक रक्कम पहिल्या तीन दिवसांतली. म्हणजे नावाने गर्दी आणली आणि चित्रपटाने ती घरी पाठवली. चित्रगृहांचा वाटा स्थूलमानाने निम्मा धरला, तर उरलेल्या रकमेतून जाहिरातीचा खर्च दूरच, दोन्ही चित्रणांचा मिळून झालेला खर्चही निघत नाही. १२ वर्षांनी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, माइक फ्लॅनगन यांच्या ‘वीजा : ओरिजिन ऑफ ईव्हिल’ या अशाच एका पूर्वकथापटाने जगभरात सुमारे ८ कोटी १७ लाख डॉलर मिळवले. वसुली जवळपास तेवढीच, आणि पहिल्या आठवड्यात क्रमांक तर तिसरा. पण निर्मितीस सुमारे ९० लाखच लागले होते, सबब तो सुखाने नफ्यात गेला. ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’च्या मालिकेने आणि २०१४ च्या ‘ॲनाबेल’ने हेच गणित याआधी सोडवून दाखवले होते. भूत स्वस्त असते. महाग असते ती निर्मात्याची धास्ती, आणि २००४ च्या त्या चित्रपटाच्या खर्चाच्या बाजूला मुख्यतः तीच मांडलेली दिसते.

श्रेडर यांचे चित्रण मात्र अगदीच वाया गेले नाही. अत्यल्प रकमेत उरलेसुरले काम उरकून ते ‘डॉमिनियन’ या नावाने २० मे २००५ रोजी अवघ्या ११० चित्रगृहांत लावण्यात आले. आदल्याच दिवशी ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील नवा चित्रपट, तोही एक पूर्वकथाच, प्रदर्शित होऊन पहिल्या दिवशी ५ कोटी डॉलर घेऊन गेला होता. ‘डॉमिनियन’ची अमेरिकेतील एकंदर वसुली अडीच लाखांच्या घरात राहिली. म्हणून निर्मात्यांचा मूळ निर्णय बरोबर होता असे कोणी म्हणेल, तर ते मला मान्य नाही. ज्या चित्रपटाला बाजारात नीट उभेच केले नाही, त्याच्या विक्रीवरून त्याची योग्यता ठरवता येत नाही. शिवाय पूर्वकथेतील नायक मरणार नाही, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. मेरिनचा अंत त्याने मूळ चित्रपटात पाहिलेला आहे. तेव्हा पणाला लावण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे त्याची श्रद्धा. श्रेडर यांनी नेमके हे ओळखले होते. हार्लिन यांनी तिच्या जागी रक्त आणि कोलाहल आणला. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी ‘डॉमिनियन’ला चारांपैकी तीन तारे दिले, आणि स्वतः ब्लॅटी यांचा कौलही त्याच बाजूने पडला.

दोन्ही चित्रपट आज उपलब्ध आहेत. जिज्ञासू वाचकांनी ते लागोपाठ पाहावेत, आणि श्रेडर यांचा आधी पाहावा.