देणगी, वेतन आणि त्याग : पुण्यातील सार्वजनिक संस्थांच्या अर्थव्यवहाराचा एक प्रश्न

सार्वजनिक संस्थांचा इतिहास सामान्यतः देणगीदारांच्या नामावलीवरून लिहिला जातो. इमारतीवरील शिलालेख, निधीला दिलेले नाव आणि वार्षिक अहवालातील यादी ही त्याची ठळक साधने होत. परंतु संस्थेचे काम प्रत्यक्ष चालविणाऱ्या माणसाच्या चरितार्थाचा भार कोणी उचलला, हा प्रश्न या साधनांतून सहसा उमटत नाही. पुण्याच्या गेल्या दोन शतकांच्या इतिहासात मात्र तो वारंवार पुढे आलेला दिसतो.

पेशवाईतील श्रावणमासाच्या दक्षिणेचे स्वरूप या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. ही दक्षिणा व्यक्तीला मिळे. विद्वानाचा योगक्षेम हाच तिचा हेतू होता. १८१८ नंतर इंग्रजी अंमलात तिचा ओघ हळूहळू वळविण्यात आला. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली; दक्षिणेच्या रकमेतील काही भाग मराठी ग्रंथरचनेकडे वळवावा, अशी मागणी १८४९ मध्ये सुधारकांनी केली आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. एका जातीपुरता मर्यादित असलेला पैसा व्यापक विद्याकार्यास उपलब्ध व्हावा, हे या बदलाचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि त्याबरोबरच दानाचे केंद्र व्यक्तीकडून कार्याकडे सरकले. कार्यास आश्रय मिळाला. कार्यकर्त्याचा आश्रय मात्र वेगळा शोधावा लागला.

१ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्या चिपळूणकर, टिळक आदी मंडळींनी व त्यांना लवकरच येऊन मिळालेल्या आगरकरांनी या अडचणीवर जे उत्तर काढले ते स्वार्थत्यागाचे होते. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. महाविद्यालयास नाव मिळाले ते गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे. संस्था उभी राहिली ती अल्प वेतनावर दीर्घ सेवेचे बंधन पत्करणाऱ्या आजीव सदस्यांवर. बाजारभावाने मिळू शकणारे वेतन आणि प्रत्यक्ष घेतलेले वेतन यांतील फरक ही त्या काळातील मोठी देणगीच म्हटली पाहिजे, मात्र ती कोणत्याही यादीत नोंदली गेली नाही. हे उत्तर निर्वेध नव्हते, हेही तितकेच खरे. १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. या मतभेदांची कारणे अनेक असली, तरी वेतनवाढ आणि सदस्यांचे बाहेरील अर्थार्जन हे प्रश्न त्यांच्या गाभ्याशी होते.

टिळकांनंतर १८९१ मध्ये गणिताचे अध्यापक म्हणून फर्ग्युसन कॉलेजात आलेले धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचा आरंभ केला. गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या हिंगणे येथील जागेत १९०० मध्ये आश्रम गेला. कॉलेजातील अध्यापन सांभाळून कर्वे हिंगण्याचे काम पाहत. म्हणजे एका संस्थेच्या तुटपुंज्या वेतनावर दुसरी संस्था पोसली जात होती. पार्वतीबाई आठवले यांनी आश्रमासाठी गावोगाव निधी गोळा केला व पुढे त्या अमेरिकेपर्यंत गेल्या. या त्यागाचा काही भाग स्वेच्छेचा नव्हता, तो घरातील माणसांच्या वाट्यास आला होता. ‘माझे पुराण’ या आनंदीबाई कर्वे यांच्या आत्मचरित्रातून कर्वे-कुटुंबाची ओढाताण कळते.

मोठ्या देणगीने हा प्रश्न सुटतो काय? १९१६ मध्ये स्थापन झालेल्या महिला विद्यापीठास सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. विद्यापीठास त्यांच्या मातुःश्रींचे नाव देण्यात आले आणि १९३६ मध्ये मुख्य कार्यालय मुंबईस गेले. संस्थेस स्थैर्य आले, पण तिच्या भूगोलासही नवे वळण लागले. याउलट अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने प्रत्येकी एक पैसा गोळा करण्याचा मार्ग धरला. त्यातून १९०८ मध्ये तळेगाव येथे काच कारखाना निघाला. असंख्य दात्यांमुळे कोणा एकाचे वर्चस्व राहिले नाही, परंतु पैसा पैसा जमविणाऱ्यांचे श्रम गृहीतच धरले गेले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे उदाहरण या दोहोंहून निराळे आहे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले व १९६६ मध्ये पूर्ण झाले. येथे खर्चाचे मुख्य रूप इमारत नसून पाठभेद तपासणाऱ्या पंडितांची वर्षे हेच होते.

आजच्या वादांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. विदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली. पैशाचा अपव्यय होऊ नये, ही दात्याची व शासनाची अपेक्षा रास्त आहे. अपहाराचा इतिहासही काल्पनिक नाही. परंतु हिशेब, देखरेख, प्रशिक्षण यांवरील खर्च म्हणजे कार्याबाहेरचा खर्च, ही कल्पना पुण्याच्या इतिहासास धरून नाही. एकोणिसाव्या शतकात हा खर्च कमी दिसला, कारण शिक्षकांनी, त्यांच्या पत्नींनी आणि आश्रमातील स्त्रियांनी तो स्वतः सोसला. त्यांच्या त्यागाविषयी आदर बाळगणे योग्यच होय. मात्र त्या त्यागालाच खर्चाचे प्रमाण मानणे योग्य नव्हे. तसे मानल्यास सार्वजनिक कार्य घरची सोय असणाऱ्यांपुरतेच उरेल, आणि दक्षिणेची मर्यादा मोडून जे व्यापक करण्याचा प्रयत्न १८४९ मध्ये झाला ते पुन्हा दुसऱ्या वाटेने संकुचित होईल.