पन्हळीच्या तोंडची जाळी

श्रोतेहो, छपरावरचे पाणी भिंतीपासून दूर नेणे ही माणसाची फार जुनी खटपट आहे. कोकणात पोफळीचे खोड उभे चिरायचे, आतला गाभा काढायचा, की झाली पन्हळ! ती वरून उघडी. पान अडकले तर दिसते, काठीने ढकलले की वाट मोकळी.

मुंबईजवळची कान्हेरीची लेणी पाहिलेल्यांना कातळात कोरलेले चर आठवतील. डोंगरावरचे पावसाचे पाणी त्यांतून लेण्यांजवळच्या टाक्यांत उतरते. तिथल्या शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. हे चरही उघडेच. केरकचरा आला तरी हाताशी येतो.

पाणी बंद नळात शिरले की मात्र गोष्ट बदलते. १२४० साली इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने लंडनच्या किल्ल्यातल्या मोठ्या बुरुजाला चुना लावायला सांगितले. त्या चुन्यावर पाण्याचे ओघळ येऊ नयेत म्हणून शिशाचे नळ थेट जमिनीपर्यंत नेण्याचा हुकूमही दिला. युक्ती चांगली, पण बंद नळात काय अडकले ते बाहेरून दिसत नाही.

पुढे छपरेही बदलली. नालीदार पत्र्याचे पेटंट १८२९ साली लंडनच्या हेन्री पामर यांनी घेतले. १८६५ साली मंगळूरला बाझल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला. या छपरांची कड सरळ, त्यामुळे लांब पन्हळ जोडून उभ्या नळाने पाणी उतरवणे सोपे झाले. पन्हळ आली तसा पाचोळाही आला. नळ तुंबला की पाणी उलटे भिंतीत मुरते. मातीची भिंत फुगते, वासे कुजतात, आणि साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

म्हणून जाळी हवी. पण नुसत्या जाळीवर विसंबावे काय? इथे रोमचा दाखला ऐका. इ. स. ९७ मध्ये फ्रॉन्टिनस नावाचा अधिकारी रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला. त्याने लिहून ठेवले आहे, की एका कालव्याच्या मुखाशी गाळ बसण्यासाठी हौद बांधला होता, तरीही पाऊस पडला की शहरात गढूळच पाणी येई. या साऱ्या व्यवस्थेच्या देखभालीला राज्याचे सुमारे २४० आणि सम्राटाचे ४६० सेवक होते. हौद होता, तरी हातही लागत होते!

आता आपल्या घराचे पाहू. आंबा-फणसाची पाने मोठी, त्यांना अर्ध्या इंचाची जाळी पुरते. चिंच-गुलमोहराची बारीक पाने तिच्यातून सहज निसटतात, तिथे बारीक जाळी लागते. पण बारीक जाळी लवकर झाकते आणि मोठ्या सरीत पाणी वरूनच उडी मारते, म्हणून ती वरचेवर झाडावी. जाळी जस्ताच्या मुलाम्याची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्यावी. ती छपराच्या उताराबरोबर तिरकी बसवावी, म्हणजे पाने घसरून पडतात. कौल उचलून तिची कड आत खुपसू नये, तिथूनच गळती लागते. नळाच्या तोंडाशी सपाट जाळी नको, तारेची उपडी परडी ठेवावी. सपाट जाळी दोन-चार पानांनीच झाकून जाते. आणि पन्हळीला दहा फुटांस इंचभर उतार असू द्यावा.

मृग निघण्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यातही अधूनमधून पन्हळ साफ करावी. शिडी दुसऱ्याने धरावी, विजेच्या तारेपासून दूर राहावे. टाकीत पाणी साठवत असाल तर पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडून द्यावे.

शिक्षकबंधू-भगिनींनो, शाळेच्या छपराचे पाणी कुठून कुठे जाते, याचा नकाशा मुलांकडून जमिनीवर उभे राहूनच काढून घ्या. कुठे तुंबते ते मुले बरोबर दाखवतील. ती जागा मोठ्यांनी पाऊस येण्याआधी मोकळी करावी.