उत्तर कोकणचा प्राचीन इतिहास : वस्तुसंग्रहालयात आणि आपल्या दारी

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत एखादा इतिहासविषयक लेख असावा, ही प्रथा आपल्याकडे जुनी आहे. बहुधा अशा लेखात ज्ञातीचे मूळ एखाद्या पराक्रमी राजवंशाशी अथवा पुराणप्रसिद्ध ऋषीशी नेऊन भिडवलेले असते. ते वाचून क्षणभर ऊर भरून येतो, परंतु घरातील शाळकरी नातवाने “आजोबा, याला पुरावा काय?” असा प्रश्न केला म्हणजे उत्तर देणे अवघड होऊन बसते. म्हणून प्रस्तुत लेखात थोडा निराळा मार्ग धरला आहे. आपल्या मंडळाची बहुतेक कुटुंबे आज ज्या भूमीवर नांदत आहेत, त्या कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या टापूचा प्राचीन इतिहास प्रत्यक्ष वस्तूंवरून कसा उलगडतो, आणि त्या इतिहासाशी आपले नाते कोणते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

अंबरनाथ म्हटले की आजच्या पिढीच्या डोळ्यांपुढे कारखाने उभे राहतात, आणि ते साहजिकच आहे. विम्कोची आगपेटी, संरक्षण खात्याचे कारखाने आणि १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर वाढलेली औद्योगिक वसाहत, यांनी येथे हजारो संसार उभे केले. आपल्यापैकी कित्येकांचे वडील त्याच भोंग्यावर घराबाहेर पडत असत. परंतु या गावाला नाव दिले ते कारखान्यांनी नव्हे, तर वालधुनीच्या काठी उभ्या असलेल्या शिवालयाने. त्याविषयी विचारले असता “पांडवांनी एका रात्रीत बांधले” एवढेच उत्तर पुष्कळांकडून मिळते. ही लोककथा गोड खरी. पण तिच्यामुळे ज्यांनी ते वर्षानुवर्षे खपून उभारले, त्यांचे श्रेय मात्र बुडते.

या प्रांताचा इतिहास डोळ्यांनी पाहावयाचा असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला प्रत्येक कुटुंबाने एकदा तरी भेट द्यावी. अंबरनाथहून लोकल गाडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून काळा घोडा परिसरापर्यंत गेले की घुमटाची ती देखणी इमारत दिसते. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी तिची कोनशिला बसविण्यात आली. जॉर्ज विटेट हे तिचे वास्तुशिल्पज्ञ. १९१४ साली बांधकाम पुरे झाले. पण पहिले महायुद्ध पेटल्यामुळे तेथे लष्करी रुग्णालय भरले आणि संग्रहालय लोकांसाठी खुले होण्यास १९२२ साल उजाडावे लागले. पूर्वीचे ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’ हे नाव बदलून १९९८ साली त्यास सध्याचे नाव देण्यात आले. प्रस्तुत लेखक शिक्षक असताना विद्यार्थ्यांना तेथे नेत असे, व सेवानिवृत्तीनंतरही त्याचे पाय तिकडे वळतात. अनुभव असा, की मुले राजांची हत्यारे आणि रेखीव मूर्ती पाहण्यात रमतात, व ज्यावर केवळ अक्षरे आहेत अशा ओबडधोबड दगडापुढून धावत निघून जातात. वस्तुतः थांबावयाचे ते तेथेच.

असे दोन दगड विशेष लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहेत. ते सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे असून वसईजवळच्या सोपारा परिसरात सापडले. आठव्या शासनाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. नवव्या शासनाचा तुकडा भुईगाव येथे १९५६ साली उजेडात आला. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात मगधाच्या सम्राटाची आज्ञा आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर ब्राह्मी लिपीत कोरली जात होती, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय. या शासनांतील आशय तर आजही विचार करण्यास लावणारा आहे. आठव्यात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीसाठी व करमणुकीसाठी विहारयात्रा काढीत. आपण त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केली. नवव्यात त्याने मंगलकार्यांचा विचार केला आहे. आजारपण, मुलामुलींची लग्ने, संततीचा जन्म, प्रवासाला निघणे, अशा प्रसंगी लोक नाना प्रकारचे विधी करतात, पण त्यांचे फळ अल्प; दास व सेवक यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर करणे, प्राणिमात्रांविषयी संयम बाळगणे, हेच खरे मंगल होय, असा त्याचा अभिप्राय आहे. लग्नकार्यातील अवाढव्य खर्चाविरुद्ध ज्ञातिसंस्था ठरावांवर ठराव करतात. त्याच विषयावर आपल्याच प्रांतात सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर अक्षरे कोरली गेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे तो काळवंडलेला दगड परका वाटत नाही.

त्याच १८८२ साली भगवानलालांनी सोपाऱ्यातील ‘बुरुड राजाचा कोट’ नावाने ओळखली जाणारी टेकडी खणली. आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या गाभ्यात एक मोठा दगडी करंडक होता आणि त्यात तांबे, रुपे, स्फटिक व सोने यांच्या लहान डब्या, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे तुकडे व बुद्धमूर्ती होत्या. ही सामग्री मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या स्वाधीन करण्यात आली. गावकऱ्यांच्या लेखी ज्या टेकडीत एका दंतकथेतील राजाचा कोट होता, तिच्या पोटात प्रत्यक्षात काय होते, ते खणून पाहिले तेव्हाच कळले.

संग्रहालयात आणखी एका वस्तूपुढे आमच्या उल्हासनगरकर सिंधी बांधवांनी अवश्य उभे राहावे. सिंधमधील मीरपूरखास येथील ‘काहू-जो-दडो’ या स्तूपाचे उत्खनन हेन्री कझिन्स यांनी १९०९-१० साली केले. तेथील भाजलेल्या मातीच्या सुंदर मूर्ती मुंबईस आल्या व येथेच राहिल्या. पुढे १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधील माणसे कल्याणच्या लष्करी छावणीत आली. त्या छावणीचेच उल्हासनगर झाले. माणसे येण्यापूर्वीच त्यांच्या मायभूमीची माती मुंबईस येऊन राहिली होती, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आता पुन्हा आपल्या दाराशी येऊ. उत्तर कोकणावर सुमारे साडेचारशे वर्षे शिलाहार वंशाची सत्ता होती व ठाणे, म्हणजे तेव्हाचे ‘स्थानक’, हे त्यांचे प्रमुख नगर. या वंशाची माहिती आपल्याला बखरींतून मिळालेली नाही. ती मिळाली ताम्रपटांतून. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणीत असता अरिकेसरी राजाचा शके ९३९, म्हणजे इसवी सन १०१७चा ताम्रपट सापडला. त्यानंतर या राजांचे अनेक ताम्रपट मिळत गेले. मुम्मुणिराजाचा शके ९७१, म्हणजे १०४९चा एक ताम्रपट तर अभ्यासकांत मुंबईच्या याच संग्रहालयाच्या जुन्या नावाने ओळखला जातो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे सर्व लेख एकत्र संपादित केले व तो ग्रंथ १९७७ साली प्रसिद्ध झाला. ताम्रपट म्हणजे दानपत्र. कोणते गाव, कोणती जमीन, तिच्या चतुःसीमा कोणत्या, ती कोणास दिली, हा सगळा मजकूर त्यात असतो. थोडक्यात, तो त्या काळचा सातबाराच होय.

हा मुम्मुणिराजा म्हणजे अंबरनाथच्या शिवालयाच्या लेखातील राजा. देवळाच्या उत्तरेकडील दरवाजाच्या आतल्या बाजूस तुळईवर हा लेख कोरलेला असून त्यात मुम्मुणीचे व त्याचा भाऊ छित्तराज याचे नाव येते. काम छित्तराजाच्या वेळी सुरू झाले व मुम्मुणीच्या वेळी पूर्णत्वास गेले, असे अभ्यासक मानतात. या लेखाच्या वाचनाची हकीकत मोठी बोधप्रद आहे. मुंबईचे प्रख्यात डॉक्टर व प्राच्यविद्या पंडित भाऊ दाजी लाड यांनी तो प्रथम वाचला. अक्षरे झिजलेली होती. पहिला अंक सात धरून त्यांनी शके ७८२, म्हणजे इसवी सन ८६० असा काळ ठरविला. पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासला आणि तो अंक सात नसून नऊ आहे, म्हणजे लेख शके ९८२चा, इसवी सन १०६०चा आहे, असे दाखवून दिले. मुम्मुणीचे इतर ताम्रपट शके ९७०च्या सुमाराचेच असल्यामुळे हे वाचन त्यांच्याशी तंतोतंत जुळते. एका अंकाने दोनशे वर्षांचे अंतर पडले होते!

यातील खरी गोष्ट पुढेच आहे. भगवानलाल हे भाऊ दाजींचेच साहाय्यक होते. जुनागढहून आलेल्या, परंपरागत संस्कृत शिक्षण झालेल्या या तरुणाला भाऊ दाजींनीच जवळ केले आणि शिलालेखांच्या नकला करण्यासाठी देशभर पाठविले. अशा शिष्याने आश्रयदात्याचे वाचन सुधारावे, आणि तरीही गुरूविषयीचा त्याचा आदर तसूभरही कमी होऊ नये, ही आपल्या विद्यापरंपरेला शोभणारी गोष्ट आहे. वडीलधाऱ्यांनी सांगितलेला इतिहास तपासून पाहणे म्हणजे त्यांचा अपमान करणे नव्हे. आमच्या तरुण मंडळींनी, आणि त्याहून अधिक आम्हा वृद्धांनी, हे लक्षात ठेवावे.

ताम्रपट व शिलालेख पाहून आलेल्या दृष्टीने आता शिवालय पाहावे. भूमिज पद्धतीचे हे मंदिर काळ्या दगडाचे आहे. सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावे लागते. वरचे शिखर पूर्ण नसल्यामुळे गाभाऱ्यात आकाशाचा उजेड पडतो. बाहेरील भिंतींवर मूर्तींच्या रांगा आहेत. मंडपाच्या खांबांवर बोटभर जागाही कोरीव कामावाचून सोडलेली नाही. १८६८ साली मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून या शिल्पांची रेखाटने व साचे करून घेण्यात आले, इतके त्याचे मोल त्या काळीही जाणले गेले होते. हे पाहिल्यावर ‘एका रात्रीत’ हा शब्द ओठांवर येत नाही. दगड फोडणारे, तो वाहणारे, घडणारे, सुतार, लोहार, अन्न शिजविणारे, अशी केवढी माणसे येथे राबली असतील! लेखात नावे आहेत ती राजाची व त्याच्या अधिकाऱ्यांची. पाथरवटाचे नाव तेथे शोधूनही सापडत नाही.

मात्र सामान्य माणसाचे नाव दगडावर मुळीच आले नाही, असे नाही. आपल्यापासून तिसरे स्टेशन म्हणजे कल्याण. ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी वर्णनात त्या बंदराचा उल्लेख आहे. त्या कल्याणचे रहिवासी बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत दाते म्हणून भेटतात. त्यात व्यापारी आहेत, तसाच एक सोनार आहे आणि एक लोहारही आहे. सोनाराने पाण्याचे टाके करून दिले. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी आपल्या कष्टाच्या पैशातून वाटसरूच्या तहानेची सोय करणाऱ्या या माणसाने स्वतःचे नाव, गाव आणि धंदा एवढेच लिहविले. आपण कोणत्या राजाचे वंशज, हे सांगण्याची त्याला गरज वाटली नाही. ज्ञातीच्या इतिहासाचा खरा नमुना तो हाच, असे प्रस्तुत लेखकाचे नम्र मत आहे. आपले पूर्वज राजे होते की नव्हते, हा वाद बाजूस ठेवावा. त्यांनी कोणते काम चोख केले आणि लोकांसाठी काय मागे ठेवले, याचा शोध घ्यावा.

म्हणून मंडळातील कुटुंबांस चार विनंत्या कराव्याशा वाटतात. पहिली, घरातील मोडी कागद, जुने दस्त, वह्या, हत्यारे, छायाचित्रे रद्दीत अथवा मोडीत घालू नयेत. निदान त्यांची छायाचित्रे काढून ती कोणाची, कोठली व कधीची, एवढे मागे लिहून ठेवावे. दुसरी, आज बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात जागोजाग पाये खणले जात आहेत. खणताना जुनी नाणी, मूर्ती किंवा पत्रा मिळाल्यास तो परस्पर विकू अथवा वितळवू नये. १८७८च्या निखात निधीच्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. ठाण्याचा तो ताम्रपट १७८७ साली तांबटाच्या भट्टीत गेला असता तर आपण एका राजाला मुकलो असतो. तिसरी, शिवालयाच्या शिल्पांना शेंदूर, तेल वा रंग फासू नये आणि ज्या वालधुनीच्या काठी ते उभे आहे, तिच्यात कारखान्यांचे सांडपाणी व गावची घाण जाते, तिकडे नागरिक म्हणून कानाडोळा करू नये. आपल्यापैकी अनेकजण त्याच कारखान्यांत काम करतात. तेव्हा हा बोल दुसऱ्यास लावून भागणार नाही. चौथी, ज्ञातीच्या वार्षिक सहलीत एक दिवस वस्तुसंग्रहालयासाठी राखावा व त्याच आठवड्यात मुलांना शिवालयात न्यावे. एकाशिवाय दुसरे अपुरे आहे.

जाता जाता एक योगायोग. शके ९८२ हे अंबरनाथच्या लेखाचे साल. श्रीवर्धनजवळच्या दिवेआगर येथे सापडलेला मराठी ताम्रपटही त्याच शके ९८२चा आहे. आपल्या भाषेतील अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. म्हणजे इकडे अंबरनाथास देऊळ पूर्ण होत होते, त्याच वर्षी तिकडे कोकणच्या किनाऱ्यावर माणसे आपला व्यवहार मराठीत तांब्यावर कोरून ठेवीत होती. राज्ये गेली, बंदरे बुजली. लिहून ठेवले तेवढे मात्र उरले. आपणही आपल्या कुटुंबाचे खरे तेवढेच लिहून ठेवावे, हीच ज्ञातिबांधवांस व भगिनींस कळकळीची प्रार्थना. इत्यलम्.